हस्तिदंताचा व्यापार आणि नीतीचा अधिकार

एका समाजाने दुसऱ्या समाजावर आपली नीती लादावी काय, आणि लादायचीच तर कोणत्या अधिकाराने, हा प्रश्न तत्त्वचिंतकांच्या ग्रंथांत जितका अमूर्त दिसतो तितका तो इतिहासात कधीच नसतो. कारण उपदेश करणाऱ्याच्या घरात कोणती वस्तू वापरात होती, ती कोणाच्या कष्टाने तेथवर आली आणि तिच्यावरची जकात कोणाच्या पदरी पडली, हे सारे तहनाम्यांत, पेढ्यांच्या वह्यांत आणि बंदरांच्या दप्तरांत नमूद होऊन राहिलेले असते. या दृष्टीने हस्तिदंताच्या व्यापाराचा इतिहास फार बोधप्रद आहे. त्या व्यापाराचा एक मोठा प्रवाह आपल्या मुंबई बंदरातून वाहत होता, आणि तो जेथून निघे त्या झांजिबारच्या दरबारात नीतीच्या नावाने जे राजकारण झाले त्यात मुंबईचाच एक माजी गव्हर्नर अग्रभागी होता. म्हणून मराठी वाचकाने हा इतिहास परक्याचा समजून दूर सारण्याचे कारण नाही.

दंतकामाची आपल्याकडील परंपरा अतिप्राचीन आहे. सांचीच्या स्तूपाच्या दक्षिण तोरणावरील शिल्पकाम विदिशेच्या दंतकारांनी केल्याचे तेथील लेखच सांगतो. जालना जिल्ह्यातील भोकरदन आणि धाराशिव जिल्ह्यातील तेर या सातवाहनकालीन नगरांच्या अवशेषांत हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडल्या, आणि त्यांच्याशी निकटचे साम्य असलेली एक मूर्ती १९३८ साली इटलीतील पाँपेई येथे, म्हणजे इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या शहरात, हाती लागली. पुढे पोर्तुगीज अमलात मोझांबिकचे सुळे दीव, दमण आणि गोवे येथे उतरू लागले व गोव्याच्या कारागिरांनी मेंढपाळाच्या वेषातील बालयेशूच्या मूर्ती त्यांतून घडविल्या. आशियाई हत्तिणीला मोठे सुळे येत नाहीत, आफ्रिकेत मात्र ते नर आणि मादी दोघांनाही येतात, व तेथील सुळा आकारानेही मोठा असतो. त्यामुळे ज्या देशात हत्ती होते त्याच देशात आफ्रिकेच्या हस्तिदंताला शतकानुशतके गिऱ्हाईक होते.

एकोणिसाव्या शतकात हा व्यापार झांजिबार बेटावर एकवटला. ओमानचा सुलतान सय्यद सैद याने १८४० च्या सुमारास आपला दरबार मस्कतहून तेथे हलविला, लवंगांच्या बागा वाढविल्या, आणि बंदराच्या जकातीचा इजारा कच्छातील मुंद्र्याच्या भाटिया व्यापाऱ्यांकडे, जयराम शिवजीच्या पेढीकडे, दिला. या पेढीचा मुनीम लधा दामजी हा झांजिबारमधला एक बलाढ्य पुरुष समजला जाई, आणि बर्टन, लिव्हिंगस्टन व स्टॅनली यांच्यासारख्या प्रवाशांनाही त्याच्या साहाय्यावाचून खंडाच्या अंतर्भागात जाणे सोपे नव्हते. व्यापाराची रीत अशी होती की, हिंदी सावकार कापड आणि काचमणी उधारीवर देत, अरब आणि स्वाहिली व्यापारी ते घेऊन टाबोरा, उजीजी आणि त्यापलीकडे काफिले नेत, आणि कित्येक महिन्यांनी, कधी वर्षांनी, सुळे घेऊन किनाऱ्यावर परतत. न्यामवेझी जमातीचे बहुसंख्य हमाल मजुरी घेऊन ओझी वाहणारे स्वतंत्र लोक होते. परंतु काफिले जसजसे पश्चिमेकडे सरकले तसतशी हस्तिदंताची लूट आणि माणसांची लूट ही हातात हात घालून चालू लागली, आणि मन्येमाच्या प्रदेशात टिप्पू टिपसारख्या बलिष्ठांनी दोन्हींवर आपली सत्ता उभारली.

नैर्ऋत्य वाऱ्यांचा आरंभ होताच झांजिबारची गलबते मुंबईकडे निघत. मुंबईत सुळ्यांची प्रतवारी होई. काहींचे मोल कच्छ, काठियावाड आणि मारवाडातील चुडगरांकडे होई, कारण तेथे हस्तिदंती चुडा हे सौभाग्याचे लेणे होते. आणि उत्तम प्रतीचे कित्येक सुळे पुन्हा जहाजांत चढून लंडनला जात. इंग्लंडात शेफील्डच्या सुऱ्यांच्या मुठी, फण्या, बिलियर्डचे चेंडू आणि मुख्यत्वे पियानोच्या पट्ट्या त्यांतून घडत. अमेरिकेने तर १८३३ सालीच सय्यद सैदशी व्यापारी तह केला होता, आणि पुढे कनेक्टिकट संस्थानातील एका गावाचे नावच या धंद्यावरून आयव्हरीटन असे पडले. सुखवस्तू मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात पियानो असणे हे सुसंस्कृतपणाचे लक्षण मानले जाऊ लागले, आणि त्या लक्षणाची किंमत टांगानिका सरोवराच्या आसपासच्या रानांत मोजली जाऊ लागली.

याच सुमारास इंग्लंडच्या सदसद्विवेकबुद्धीने झांजिबारकडे दृष्टी वळविली. ज्यांच्या कारकीर्दीत मुंबईच्या किल्ल्याचा तट पाडून शहर मोकळे करण्यात आले ते सर बार्टल फ्रीअर गुलामांच्या व्यापाराचा बंदोबस्त करण्यासाठी १८७३ च्या जानेवारीत झांजिबारला पोहोचले. तेथील सुलतान बरगश हाही मुंबईला अपरिचित नव्हता. थोरल्या भावाविरुद्ध बंड केल्यामुळे इंग्रजांनी १८५९ मध्ये त्याला हद्दपार करून सुमारे दोन वर्षे मुंबईतच ठेवले होते. फ्रीअर येण्याच्या आदल्याच वर्षीच्या वादळाने त्याच्या बेटावरील लवंगांच्या बागा उद्ध्वस्त झाल्या होत्या आणि त्या बागा गुलामांच्या श्रमावर उभ्या होत्या. म्हणून त्याने फ्रीअरच्या मागणीला नकार दिला. फ्रीअर निघून गेल्यावर इंग्रज वकील जॉन कर्क यांनी आरमारी नाकेबंदीची धमकी दिली, तेव्हा ५ जून १८७३ रोजी बरगशाने तहावर सही केली. गुलामांचा बाजार बंद झाला, आणि त्या जागी पुढे ख्रिस्ती प्रार्थनामंदिर उभे राहिले.

हा तह बळाच्या धाकाने झाला म्हणून तो अन्यायाचा होता, असे मी म्हणणार नाही. त्या बाजारात विकल्या जाणाऱ्या स्त्रीपुरुषांपैकी कोणीही, नाकेबंदीची धमकी ही आमच्या धन्याच्या संस्कृतीचा उपमर्द आहे, असे म्हटले नसते. आरमाराने अडविलेल्या गलबतांतून सुटका झालेली आफ्रिकी मुले मुंबईत उतरविली जात आणि त्यांतील अनेक नाशिकजवळ शरणपूर येथील मिशनच्या वसाहतीत शिकली. १८६६ मध्ये लिव्हिंगस्टन अंतर्भागात निघाला तेव्हा त्याच्याबरोबर नाशिकचे नऊ तरुण होते, आणि १८७३ मध्ये त्याचे निधन झाल्यावर त्याचा देह किनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत नाशिकला शिकलेला जेकब वेनराइट होता, जो पुढे त्या देहाबरोबर लंडनला गेला. नाशिकच्या या मंडळींपैकी कित्येकांनी मोंबासाजवळ मुक्त झालेल्या गुलामांची वसाहत उभारण्यास हातभार लावला, आणि त्या वसाहतीला फ्रीअर टाउन हेच नाव मिळाले. नीतीची सक्ती कधी कधी कशी मुक्तिदायी ठरते, याचा हा पुरावा आपल्याच गोदातीरी आहे.

परंतु त्या तहात हस्तिदंताविषयी कसलाही निर्बंध नव्हता. गुलाम धरणारा अरब आणि त्याला भांडवल पुरविणारा कच्छी सावकार यांचा दोष लंडनला स्पष्ट दिसत होता; ज्या वस्तूसाठी काफिले अधिकाधिक खोल जात होते तिची मागणी आपल्याच नगरांतून उठत आहे, याची झडती मात्र त्या नीतिमान काळाने घेतली नाही. हिंदी बाजूही निर्दोष ठरत नाही. चुडा हे मांगल्याचे चिन्ह होते, पण त्या मांगल्यासाठी कोणते रान उजाड झाले, हे मुंबईच्या अडत्याने विचारले नाही, आणि चुडा भरून घेणाऱ्या घरांनीही विचारले नाही.

पुढची पायरी याहून कठोर होती. १९०० साली लंडनमध्ये युरोपीय सत्तांनी आफ्रिकेतील वन्यप्राण्यांच्या रक्षणासाठी एक करार केला. त्यात आफ्रिकेच्या एकाही जमातीचा प्रतिनिधी नव्हता. त्यानंतरच्या वसाहती कायद्यांची दिशा अशी राहिली की, परवान्याचे शुल्क भरू शकणारा युरोपीय शिकारी कायदेशीर ठरला आणि पिढ्यानपिढ्या त्या रानात राहिलेला मनुष्य चोर ठरला. वॉल्टर बेल नावाच्या शिकाऱ्याने हजारांहून अधिक हत्ती मारले आणि १९२३ मध्ये त्या शिकारींचे पुस्तक प्रसिद्ध करून कीर्ती मिळविली. केनियाच्या किनाऱ्यामागील रुक्ष प्रदेशात लांब धनुष्य आणि विषारी बाण घेऊन हत्तीची शिकार करणाऱ्या वालियांगुलु लोकांच्या भूमीत १९४८ साली त्साव्होचे राष्ट्रीय उद्यान झाले, आणि १९५६-५७ च्या मोहिमेत त्यांचे शिकारी पकडून तुरुंगात टाकण्यात आले. हत्तीला रक्षण हवेच होते. पण एकाच कृत्यासाठी एकाला कीर्ती आणि दुसऱ्याला कैद देणाऱ्या कायद्याने आपली नैतिक प्रतिष्ठा आपल्याच हातांनी घालविली.

हे खरे असले तरी त्यावरून निघणारा एक सोपा निष्कर्ष मला अमान्य आहे. तो असा की, हस्तिदंतावरील बंदी हे पाश्चात्त्यांचे खूळ असून प्रत्येक संस्कृतीला आपापल्या मापाने वागू द्यावे. १९७९ च्या सुमारास आफ्रिकेत अदमासे १३ लाख हत्ती होते; दहा वर्षांत ते ६ लाखांच्या आसपास आले. सुळ्यांसाठी प्रौढ हत्तिणी मारल्या गेल्या की त्यांच्या अनुभवावर चालणारे कळप पोरके होतात, आणि हे दुःख सुळ्याची मूर्ती होणार की पट्टी, यावर अवलंबून नसते. १९८९ मध्ये सर्व व्यापार थांबविण्याचा प्रस्ताव आंतरराष्ट्रीय परिषदेपुढे मांडणाऱ्यांत टांझानिया आणि केनिया ही राष्ट्रे पुढे होती, आणि त्याच वर्षीच्या जुलैत केनियाने आपल्या कोठारातील १२ टन हस्तिदंत नैरोबीत जाहीरपणे जाळला. म्हणजे ही मागणी त्याच भूमीतून उठली होती. याउलट ब्रिटनने आपल्या ताब्यातील हाँगकाँगच्या व्यापाऱ्यांना साठा विकता यावा म्हणून सहा महिन्यांची सवलत मागून घेतली. संस्कृतीची आडभिंत कोण कोठे उभारतो, हे पाहताना अशा नोंदी दृष्टिआड करता येत नाहीत.

झिंबाब्वे, बोट्स्वाना आणि नामिबिया यांचा आक्षेप मात्र निराळ्या जातीचा होता आणि तो आदराने ऐकण्याजोगा आहे. त्यांच्याकडे हत्ती टिकून होते. ते शेते तुडवीत, माणसे मारीत. आणि झिंबाब्वेने तर त्यांच्यापासून होणाऱ्या उत्पन्नाचा वाटा गावांना देण्याची योजना आखली होती. ज्याने हत्ती सांभाळला त्याच्यावरच बंदीचा भार आणि ज्याने शतकभर सुळे घेतले त्याला उपदेशाचा मान, ही वाटणी त्यांना सलत होती. १९९९ आणि २००८ मध्ये त्यांना साठ्याच्या मर्यादित विक्रीची परवानगी मिळाली. तथापि पुढील वर्षांत चोरट्या शिकारीने पुन्हा डोके वर काढले, आणि कायदेशीर बाजाराच्या आडोशाने बेकायदेशीर माल खपतो, ही शंका दृढ झाली.

नीती बाहेरून आली तरच ती येते, असेही नाही. आपल्या देशाने १९८६ मध्ये हिंदी हस्तिदंताचा आणि १९९१ मध्ये आफ्रिकी हस्तिदंताचाही व्यापार बंद केला. व्यापाऱ्यांनी दाद मागितली तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने १९९७ साली तो कायदा कायम ठेवला. कारागिरांचे हाल झाले, हे नाकारता येणार नाही. अनेकांना चंदन आणि उंटाचे हाड यांकडे वळावे लागले, आणि एवढी उंच कला मोडताना सरकारने त्यांच्या पोटाची तरतूद अधिक सहृदयतेने करावयास हवी होती. पण मारवाडातील नववधू आजही चुडा भरते. तो आता लाखेचा किंवा प्लास्टिकचा असतो, आणि तिचे सौभाग्य त्यामुळे उणावलेले नाही. चीनने २००६ मध्ये हस्तिदंती कोरीवकामाला राष्ट्रीय वारशाचा दर्जा दिला होता. तरीही २०१७ च्या अखेरीस त्याने आपल्या देशातील हा व्यापार बंद केला. संस्कृती आपल्या वस्तूंहून मोठी असते, आणि ती स्वतः बदलू शकते, हा विश्वास तिला दाखविणे हाच तिचा खरा आदर आहे.

या इतिहासावरून माझा निर्णय असा की, नीतीचा नियम परक्याने सांगितला म्हणून खोटा ठरत नाही. मात्र तो इतरांवर बसविण्याचा अधिकार ज्याने आपल्या घरच्या मागणीचा हिशेब आधी दिला आणि नियमाच्या खर्चाचा वाटा उचलला त्यालाच पोहोचतो. ही कसोटी आज आपल्यालाही लागू आहे. २००२ च्या सुमारास कर्नाटकातून सिंधुदुर्गात आलेले हत्ती दोडामार्गच्या माड-पोफळीच्या आणि केळीच्या बागा उद्ध्वस्त करीत आहेत, आणि २०२१ पासून गडचिरोलीतील धानाची शेतेही कळपांच्या वाटेवर आली आहेत. मुंबई-पुण्याच्या सुरक्षित घरांत बसून हत्ती वाचलाच पाहिजे असे म्हणणाऱ्या आपणां सर्वांनी त्या शेतकऱ्याची नुकसानभरपाई वेळेवर आणि पुरेशी मिळावी, याचाही तितक्याच आग्रहाने पाठपुरावा केला पाहिजे.