उदाहरण आणि उपपत्ती

'त्रिज्या' हा शब्द मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतो. पण त्यातला 'त्रि' कशासाठी, असे सहसा कोणी विचारत नाही. केंद्रापासून परिघापर्यंत जाणाऱ्या रेषेत तीन असे काय आहे? उत्तर जुन्या ज्योतिषाच्या परिभाषेत आहे. वर्तुळाचा तुकडा म्हणजे चाप, अर्थात धनुष्य. त्याची दोन टोके जोडणारी रेषा म्हणजे जीवा किंवा ज्या, अर्थात धनुष्याची दोरी. पुढे गणिताच्या सोयीसाठी दोरीचा अर्धा भागच वापरात आला आणि त्या अर्धज्येलाच 'ज्या' म्हणू लागले. राशिचक्रातील तीन राशी म्हणजे ९० अंश. तीन राशींची ज्या ती त्रिज्या, आणि ती नेमकी व्यासार्धाएवढी भरते. ९० अंशांची साइन एक का, हे मुकाट्याने पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याला त्याचे कारण रोजच्या वापरातल्या या शब्दातच मिळाले असते. आपण शब्द जपला. कारण मात्र वाटेत सांडले.

कलन, त्रिकोणमिती आणि पदार्थविज्ञान शिकणाऱ्या मनस्वी विद्यार्थ्याची तक्रार असते ती नेमकी हीच. गणिते सुटतात, गुणही मिळतात. आपण काय केले ते मात्र उमगत नाही. याचा दोष परीक्षापद्धतीला आणि शिकवण्यांच्या बाजाराला देऊन आपण मोकळे होतो. परंतु रीत आणि कारण यांच्यातला हा ताण फार जुना आहे. सोळाव्या शतकात कोकणातील नांदगावी तो एकाच माणसाच्या लेखनात एकत्र नांदत होता. त्यांचे नाव गणेश दैवज्ञ.

गणेश दैवज्ञांची कीर्ती 'ग्रहलाघव' या ग्रंथामुळे झाली. शके १४४२, म्हणजे इ.स. १५२०, हे त्याचे आरंभवर्ष. पंचांग करणाऱ्याचे श्रम हलके करणे हा त्याचा हेतू. अकरा वर्षांचे, ४०१६ दिवसांचे एक चक्र कल्पून त्यांनी दिवसांच्या अवाढव्य संख्या आटोपशीर केल्या. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ज्या आणि चाप यांना गणितातून पूर्णपणे रजा दिली. हे कसे साधते, ते सातव्या शतकातील पहिल्या भास्कराचार्यांच्या एका रीतीवरून कळेल. ग्रहलाघवातील सूत्रे याच जातीची आहेत. कोनाचे अंश १८० मधून वजा करावेत व बाकीने त्याच अंशांना गुणावे. या गुणाकाराची चौपट करून तिला, ४०५०० मधून तोच गुणाकार वजा करून येणाऱ्या संख्येने भागावे. ३० अंश घेतले तर गुणाकार ४५००, चौपट १८०००, भाजक ३६०००. उत्तर अर्धा, अगदी बिनचूक. इतरत्रही चूक हजारात दोन भागांपलीकडे जात नाही. ज्या म्हणजे काय हे आयुष्यभर न कळताही अशा रीतीने ग्रहगणित करता येते! ग्रहलाघव घरोघरच्या जोशांचा आधार झाला, यात नवल नाही.

याच गणेश दैवज्ञांनी शके १४६७ मध्ये, म्हणजे इ.स. १५४५ मध्ये, भास्कराचार्यांच्या 'लीलावती'वर 'बुद्धिविलासिनी' ही टीका लिहिली, आणि तिथे त्यांची वृत्ती अगदी उलटी दिसते. लीलावती नियम सांगते, टीका त्याची उपपत्ती देते. व्यासाला ३९२७ ने गुणून १२५० ने भागले की परिघ येतो, हे कशावरून? गणेश सांगतात: १०० व्यासाच्या वर्तुळात बारा बाजूंची आकृती काढा, बाजू दुप्पट करीत ३८४ पर्यंत न्या. वर्तुळाचे क्षेत्रफळ अर्धा परिघ गुणिले अर्धा व्यास का? वर्तुळाचे दोन अर्ध करा, प्रत्येकाचे केंद्राकडे निमुळते होणारे तुकडे पाडा, ते उलगडा आणि एकाच्या फटींत दुसऱ्याची टोके बसवा. एक आयत तयार होतो. तुकडे जितके बारीक, तितकी आयताची नागमोडी कड सरळ. याला कलनशास्त्र म्हणणे अतिशयोक्ती ठरेल. पण कलन ज्या अंगणातून सुरू होते ते अंगण हेच.

भास्कराचार्यांच्या 'सिद्धांतशिरोमणी'त (इ.स. ११५०) याच्या पुढचे पाऊल आढळते. चंद्राच्या आजच्या आणि उद्याच्या स्थानांतला फरक ही त्याची स्थूल गती. पण चंद्राची चाल क्षणोक्षणी बदलते, म्हणून तिथीचा अंत जवळ असेल तर 'तात्कालिक' गती घ्यावी, असे ते बजावतात. तिचे गणित करताना ज्येतील वाढ कोज्येच्या प्रमाणात धरली आहे. साइनचे अवकलन केल्यावर कोसाइन का येते, हा आजच्या विद्यार्थ्याचा प्रश्न इथे येऊन भिडतो. परिघावरून फिरणारा बिंदू मनासमोर आणावा. आरंभी तो सरळ वर चढतो, म्हणून त्याची उंची, म्हणजेच ज्या, झपाट्याने वाढते. माथ्यावर तो आडवा सरकतो, म्हणून ती क्षणभर वाढतच नाही. त्याच्या चालीचा जो भाग वरच्या दिशेने असतो तो म्हणजे कोज्या.

येथे साहित्याच्या अभ्यासकांचा संबंध येतो. नियम पद्यात आहेत आणि कारणे गद्यात. पद्य स्मरणासाठी असते. कारण पाठ करता येत नाही, त्याच्यासोबत पायरी-पायरीने चालावे लागते, आणि चालण्यासाठी गद्य लागते. साधारण इ.स. १५३० च्या सुमारास केरळात ज्येष्ठदेवांनी 'युक्तिभाषा' लिहिली ती याच गरजेतून. नीलकंठांचा 'तंत्रसंग्रह' संस्कृत श्लोकांत होता. त्यातील गणितामागची 'युक्ती', अनंत श्रेढींच्या उपपत्तींसह, ज्येष्ठदेवांनी मल्याळम गद्यात मांडली. कारण सांगायचे तर ते शिकणाऱ्याच्या भाषेत, हा विवेक त्यात दिसतो.

रीत हलकी आणि कारण श्रेष्ठ, असा निवाडा मात्र करू नये. गणेशांचे शिष्य गोदातीरावरील गोळग्रामचे दिवाकर दैवज्ञ. त्यांच्या दोन मुलांनी ग्रहलाघवावर टीका लिहिल्या: विश्वनाथांनी उदाहरणे सोडवून दाखवली, मल्लारींनी उपपत्ती दिल्या. एकाच घरातली ही दोन कामे परस्परांना पूरकच होती. संकट येते ते उदाहरण एकटेच पुढे निघते तेव्हा.

तसे ते आलेही. गणेशांनी जुन्या ग्रंथांतले ग्रह आकाशाशी ताडून पाहिले होते आणि जिथे जे जुळेल ते घेतले होते. पुढच्या तीन शतकांतील बहुसंख्य पंचांगकर्त्यांनी त्यांचे अंक घेतले, ताडून पाहणे घेतले नाही. एकोणिसाव्या शतकापर्यंत गणित आणि आकाश यांच्यात ठळक अंतर पडले. केरो लक्ष्मण छत्रे यांनी 'ग्रहसाधनाची कोष्टके' (१८६०) सिद्ध केली, त्यांच्या प्रयत्नाने १८६५ पासून पटवर्धनी पंचांग निघू लागले, आणि पंचांगशोधनाचा वाद मराठी समाजात दीर्घकाळ गाजला. रीत बिघडली तर ती दुरुस्त करण्याचे सामर्थ्य कारण जाणणाऱ्यालाच असते. 'मला समजून घ्यायचे आहे' असे म्हणणाऱ्या विद्यार्थ्याचा हट्ट म्हणूनच चैनीचा नव्हे.

शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी 'भारतीय ज्योतिषशास्त्र' (१८९६) लिहून ही सारी परंपरा मराठी गद्यात आणली. आपल्या गद्याच्या इतिहासात निबंध, चरित्र, कादंबरी यांच्या शेजारी उपपत्तीचे हे गद्य क्वचितच बसवले जाते. ते वर्गात वाचले गेले, तर मराठीचा तास आणि गणिताचा तास यांच्यामधली भिंत थोडी तरी खचेल. आणि 'त्रिज्या' शब्दातील 'त्रि' कुठून आला, हे विचारणाऱ्या मुलाला निदान एका तासाला तरी उत्तर मिळेल.