मोजणी आणि न्याय : महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या कारकीर्दीचा विचार

परभणीपासून विभक्त होऊन हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी अस्तित्वात आला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्र वीज नियामक आयोगाची स्थापना झाली. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध नाही. तथापि, आयोगाने ज्या प्रश्नाला अग्रक्रम दिला, त्याचे मर्म हिंगोलीसारख्या शेतीप्रधान जिल्ह्यातच नीट उमगते. यास्तव हे दोन विषय येथे एकत्र घेतले आहेत.

१९६० साली स्थापन झालेल्या राज्य वीज मंडळाकडे विजेची निर्मिती, वहन व वितरण ही तिन्ही कामे होती. दर किती असावा, हा मंडळ आणि शासन यांच्यातील विचाराचा विषय असे. ग्राहकास त्यात स्थान नव्हते. दाभोळ प्रकल्पाचा १९९३ सालचा वीजखरेदी करारही जनसुनावणीवाचूनच झाला. १९९८ च्या केंद्रीय कायद्याने हे चित्र पालटले. पी. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखालील पहिल्या आयोगापुढे मंडळाला आपले हिशेब उघडपणे मांडावे लागले आणि ग्राहक-प्रतिनिधींना त्यांवर आक्षेप घेता आले.

या हिशेबांतील सर्वांत दुबळा दुवा कृषिपंपांचा होता. बहुसंख्य पंपांना मीटर नसल्यामुळे आकारणी अश्वशक्तीवर होई, आणि शेतीने किती वीज वापरली हा केवळ अंदाजाचा प्रश्न राही. परिणामी गळती व चोरी यांचा मोठा भाग शेतीच्या नावावर खपून जात असे. मंडळ आपली गळती १८ टक्क्यांच्या आसपास दाखवीत आले होते. २००० सालच्या पहिल्या दरनिश्चितीत ती सुमारे ३१ टक्के, तर २००२ च्या सुमारास जवळपास ३९ टक्के असल्याचे उघड झाले. ‘शेतकरी वीज फस्त करतो’ या समजुतीचा आधारच त्यामुळे डळमळीत झाला. आयोगाच्या कारकीर्दीतील हे सर्वांत मोलाचे कार्य होय, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

परंतु मोजणीची दुसरी बाजूही आहे. २००५ साली मंडळाचे विभाजन होऊन वितरण ‘महावितरण’कडे आले, आणि त्याच सुमारास राज्यात विजेची तूट तीव्र झाली. भारनियमनाचे तास ठरविताना विभागांची प्रतवारी गळती व वसुली यांवरून करण्याचे सूत्र आयोगाने मान्य केले. जेथे गळती अधिक, तेथे अंधार अधिक. पुण्यासारख्या शहरास २००६ मध्ये उद्योगांच्या स्वतःच्या जनित्रांच्या साहाय्याने भारनियमनातून मुक्त होण्याची वाट सापडली. ग्रामीण मराठवाड्यास तशी वाट नव्हती.

येथे न्यायाचा प्रश्न उभा राहतो. प्रतवारी विभागाची होती, व्यक्तीची नव्हती. नियमाने बिल भरणाऱ्या शेतकऱ्यासही शेजाऱ्याच्या थकबाकीचे आणि जुनाट रोहित्राचे फळ भोगावे लागे. पूर्णा नदीच्या येलदरी धरणावर वीजनिर्मिती होते. तेथून सुटलेले पाणी सिद्धेश्वर धरणात येऊन कालव्यांनी वसमतकडे जाते. ज्या खोऱ्यातील पाण्याने वीज निर्माण केली, त्याच खोऱ्यातील शेतकरी रात्री-अपरात्री पंप सुरू करण्यासाठी विहिरीकडे जात राहिला, ही विसंगती विचार करण्याजोगी आहे.

यावरून मोजणीचे सूत्र चुकीचे होते असा निष्कर्ष काढणे योग्य ठरणार नाही. वस्तुतः मोजणी अर्ध्यावर थांबली, हा खरा दोष होय. २००३ च्या विद्युत कायद्याच्या कलम ५५ ने दोन वर्षांच्या आत मीटरवाचून वीजपुरवठा बंद करण्याचे बंधन घातले, पण मुदत वाढविण्याचा अधिकारही आयोगास दिला. विनामीटर पंप त्यानंतरही उरलेच. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना राज्य शासनाने मोफत वीज जाहीर केली. बिल शेतकरी भरीत नाही, शासन भरते. म्हणून मोजणीची निकड कमी होत नाही, उलट वाढते. किती युनिटांपोटी सरकारी पैसा दिला जातो, हे रोहित्रागणिक कळले नाही, तर गळती पुन्हा शेतकऱ्याच्या नावावर जमा होईल.

नियामकाची कसोटी दर किती ठेवला यावर नाही. कोणाचा भार कोणाच्या खाती लिहिला गेला, यावर आहे. पहिल्या आयोगाने हा प्रश्न विचारण्याचे धैर्य दाखविले. त्याचे उत्तर हिंगोलीच्या शिवारापर्यंत पोहोचविण्याचे कार्य अद्याप शिल्लक आहे.