सपाट वाटेची परीक्षा

गांधीबागेच्या बाजारांतून, हातगाड्या व माणसें चुकवीत सायकल काढणाऱ्या नागपूरकराला वाटतें कीं, एकदां मोकळें सपाट मैदान लागलें म्हणजे कष्ट संपले. चढ नाहीं, आडवें येणारें कोणी नाहीं. मग चाकाला अडचण ती कसली? सायकल-प्रवासाचा इतिहास मात्र याच्या उलट साक्ष देतो.

डॉ. विल्यम हंटर वर्कमन व त्यांच्या पत्नी फॅनी बुलक वर्कमन या अमेरिकन दांपत्यानें अल्जीरियांत अॅटलस पर्वत ओलांडून सहाराच्या वाळवंटापर्यंत सायकलीनें प्रवास केला. त्याचें वृत्त १८९५ सालीं प्रसिद्ध झालें. त्याच वर्षीं स्पेनमध्यें त्यांनीं दिवसाला सरासरी ४५ मैल तोडले. पुढें १८९७ ते १८९९ या काळांत हीं दोघें हिंदुस्थानच्या मैदानांतून हिंडलीं. चाकांच्या रबराला पडलेलीं चाळीस-चाळीस भोकें त्यांना एकेका दिवसांत बुजवावीं लागत.

पाव शतकानंतर मुंबईहून उलट दिशेनें एक तुकडी निघाली. बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबाचे सहा पारशी तरुण १५ ऑक्टोबर १९२३ रोजीं पृथ्वीप्रदक्षिणेस बाहेर पडले. अदी हकीम, जाल बापासोला, रुस्तुम भुमगरा, केकी पोचखानवाला, गुस्ताद हाथीराम व नरिमन कापडिया हीं त्यांचीं नांवें. पंजाब व बलुचिस्तान ओलांडून ते इराणांत शिरले. तेहरानहून कापडिया माघारीं फिरले. बाकीचे बगदादला पोहोंचले.

बगदादपासून अलेप्पोपर्यंत सुमारें ५९४ मैलांचें वाळवंट पसरलें होतें. तें ओलांडण्यास त्यांना २३ दिवस लागले. म्हणजे वजनें उचलून कसलेल्या या तरुणांचे दिवसाला २६ मैलही धड झाले नाहींत. उष्णतामान १३५ अंशांपर्यंत गेल्याचें त्यांनीं नमूद केलें आहे. शिवाय वाळूचीं वादळें होतींच. मऊ वाळूंत अरुंद चाक रुततें, आणि मग वाहन तेंच ओझें होतें. चढानंतर निदान उतार तरी मिळतो; येथें पाय थांबले कीं चाक थांबलें. पाण्याचें गणित त्याहून कठीण. अधिक घ्यावें तर सायकल जड होऊन अधिक रुतते. कमी घ्यावें तर घसा कोरडा पडतो. किती चाललों हें सांगणारें झाड वा टेकडीही दृष्टीस पडत नाहीं.

पुढें हाथीराम अमेरिकेंतच राहिले व पोचखानवालाही तुकडींतून गळले. युरोप, अमेरिका, जपान, चीन व ब्रह्मदेश पाहून १८ मार्च १९२८ रोजीं मुंबईस परतले ते हकीम, बापासोला व भुमगरा हे तिघेच. चव्वेचाळीस हजार मैलांची ती फेरी होती.

वर्कमन दांपत्य पुढें हिमालयाकडे वळलें व गिरिशिखरांनींच त्याला कीर्ति मिळवून दिली. चढलेलें शिखर दाखवितां येतें. वाळूंतील चाकाची रेघ दुसऱ्या दिवशींचा वारा पुसून टाकतो. मुंबईच्या तिघांनीं १९३१ सालीं आपलें प्रवासवृत्त छापलें, म्हणूनच त्या तेवीस दिवसांचा हिशेब आज हातीं आहे.