कुछ तो गडबड है! पण नक्की कुठे?

'सीआयडी'वर हसणं हा आता आपला राष्ट्रीय छंद झालाय. दयाने दार तोडलं, डॉक्टर साळुंखेंनी काचेच्या नळीत रंगीत पाणी हलवून खुन्याचा पत्ता काढला, की मीम तयार. मीही ते सगळे फॉरवर्ड करतो. पण मी चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहे. चूक सापडली, पीस लाल क्रेटमध्ये टाकला, झालं, असं आमच्याकडे चालत नाही. ती कुठल्या मशीनवर, कुठल्या शिफ्टमध्ये आणि का झाली, तेही शोधावं लागतं. म्हटलं, 'सीआयडी'च्या चुकाही एकदा तशाच तपासून बघू.

आधी थोडा इतिहास. 'सीआयडी' सोनीवर सुरू झाली २१ जानेवारी १९९८ ला. निर्माते-दिग्दर्शक बी. पी. सिंग. हे पुण्याच्या एफटीआयआयमध्ये सिनेमॅटोग्राफी शिकलेले आणि मुंबई दूरदर्शनवर कॅमेरामन राहिलेले. 'सीआयडी'च्या आधी त्यांनी दूरदर्शनवर मराठीत 'एक शून्य शून्य' ही पोलीस तपासाची मालिका केली होती. तिच्यात शिवाजी साटम होते, आणि तेव्हा ते सेंट्रल बँकेत नोकरीला होते. म्हणजे एसीपी प्रद्युमनचं मूळ मराठी दूरदर्शनात आहे.

आता पहिली चूक. इन्स्पेक्टर अभिजीत, म्हणजे आदित्य श्रीवास्तव, या मालिकेत पहिल्यांदा दिसतो तो गुन्हेगार म्हणून! १९९८ च्या एका भागात तो आरोपी होता, आणि वर्षभरात तोच चेहरा सीआयडीच्या ऑफिसात अधिकारी म्हणून बसला. आज कुणी असं केलं तर तासाभरात दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावून रील येईल. तेव्हा कुणाच्या फारसं लक्षातही आलं नाही. भाग लागायचा, संपायचा, गेला. मागे नेऊन बघायची सोय नव्हती. चूक पकडायला चित्र थांबवता यावं लागतं, आणि ते थांबवणारा अंगठा तेव्हा प्रेक्षकाकडे नव्हता. आपण ज्याला ढिसाळपणा म्हणतो, तो निम्मा असा एकदाच बघितल्या जाणाऱ्या माध्यमाचा हिशोब होता. चांगला नट मिळालाय, त्याला परत बोलवा, इतकं साधं.

दुसरी चूक हुशार लोक फार आवडीने सांगतात. 'सीआयडी ही राज्याची यंत्रणा, तिचं मुख्यालय पुण्यात पाषाण रस्त्यावर. मग मुंबईत सीआयडीचा एसीपी आला कुठून?' ऐकायला बिनतोड. पण मुंबई पोलिसांच्या क्राइम ब्रँचच्या अधिकृत नावातच गुन्हे अन्वेषण विभाग आहे. तिचे गुन्हे 'डीसीबी सीआयडी' अशाच नोंदीखाली दाखल होतात. आणि एसीपी हे पद आयुक्तालयातलंच, म्हणजे मुंबईत ते अगदी बरोबर बसतं. हा पीस ओके आहे, आपलं गेजच चुकीचं होतं.

हे पद आपल्याकडे कधी आलं तेही बघा. चाकण पोलीस ठाणं पुणे ग्रामीणमध्ये होतं, त्यामुळे तिथे वरचा अधिकारी डीवायएसपी दर्जाचा. १५ ऑगस्ट २०१८ ला पिंपरी-चिंचवडचं स्वतंत्र आयुक्तालय सुरू झालं, चाकण त्यात गेलं आणि मग एसीपी आले. त्याच वर्षी २७ ऑक्टोबरला 'सीआयडी'चं पहिलं पर्व बंद झालं. म्हणजे चाकणकरांनी वीस वर्षं एसीपी पाहिला तो टीव्हीवरच!

खरी चूक वयाची आहे. साटम यांचा जन्म १९५० चा. महाराष्ट्रात पोलीस अधिकारी ५८ व्या वर्षी निवृत्त होतो. प्रद्युमन ६८ व्या वर्षीही एसीपीच. ना बढती, ना निरोप समारंभ.

आता कंटिन्युटी म्हणजे काय ते बघू. मालिका गोष्टीच्या क्रमाने शूट होत नाही. एका लोकेशनचे सगळे सीन एकदम उरकतात. सीन चारमध्ये डाव्या हातात असलेली फाइल सीन पाचमध्ये उजव्या हातात दिसते, कारण मध्ये तीन दिवस गेलेले असतात. हे होऊ नये म्हणून सेटवर एक जण फोटो काढून, वहीत लिहून ठेवत असतो. आमच्या शिफ्ट हँडओव्हरच्या रजिस्टरसारखंच. थर्ड शिफ्टवाल्याला कळायला हवं की सेकंडवाल्याने काम कुठे सोडलं.

ज्यांच्या कंटिन्युटीवर सगळे हसतात, त्यांनीच २००४ मध्ये १११ मिनिटांचा अख्खा भाग एकाच शॉटमध्ये घेतला. एकही कट नाही. गिनीज आणि लिम्का बुकात त्याची नोंद झाली. फिल्मवर हे शक्यच नव्हतं. ३५ एमएमचं हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटांत संपतं. म्हणून हिचकॉकला १९४८ च्या 'रोप'मध्ये दहा-दहा मिनिटांचे तुकडे सांधावे लागले होते. व्हिडिओने ती अडचण काढली. पण कट नाही म्हणजे चूक झाकायची सोयही नाही. शंभराव्या मिनिटाला कुणी वाक्य विसरला, तर आधीची शंभर मिनिटं वाया. सांध्याचं काम ज्यांना कळतं, तेच बिनसांध्याचं काम अंगावर घेतात.

मग राहते ती सगळ्यात मोठी कंटिन्युटीची चूक, जिच्यावर कुणी मीम करत नाही. नकुल हा प्रद्युमनचा मुलगा. तो गुन्हेगार निघतो आणि बापच त्याला गोळी घालतो. त्यानंतर? नवी केस, तोच कोट, तीच हवेत फिरणारी बोटं. फाइल कुठल्या हातात होती हे सेटवर लिहून ठेवलं जायचं. बापाचं दुःख पुढच्या केसमध्ये न्यायचं काम कुणाचंच नव्हतं. कारण प्रत्येक भाग नव्या प्रेक्षकालाही समजला पाहिजे, ही या प्रकारच्या मालिकेची अट. दीड हजारांवर भाग त्या अटीवरच उभे राहिले.

पण लिहून ठेवलं नाही ते प्रेक्षकांनी लक्षात ठेवलं. २०२५ च्या एप्रिलमध्ये नव्या पर्वात प्रद्युमनला मारलं आणि वाहिनीने श्रद्धांजलीची पोस्ट टाकली, तेव्हा लोक खरोखर चिडले. मीम करणारेच सगळ्यात जास्त. काही आठवड्यांत एसीपी परतले. मेलेला माणूस परत ड्युटीवर आला, याहून मोठी गडबड कुठली? पण तेव्हा कुणीही फ्रेम थांबवून चूक दाखवत बसलं नाही.