सणाचे सारण आणि आजाऱ्याचे ताट

सणाच्या स्वयंपाकात ‘सारण’ या शब्दाला मोठा मान आहे. करंजीची पारी कितीही खुसखुशीत झाली, तरी घरातील जाणती स्त्री चौकशी करते ती सारणाची. वरचे आवरण पाहुण्याला दिसते. आत काय भरले आहे, हे घराला ठाऊक असते. प्रस्तुत लेखात आम्ही या सारणाचा थोडा इतिहास वाचकांपुढे ठेवणार आहोत. त्यामागे एक प्रयोजन आहे.

छत्रपती संभाजीनगरातील, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेतील, गुलमंडी हा जुन्या शहराचा गजबजलेला चौक. गुल म्हणजे फूल आणि मंडी म्हणजे बाजार. पैठण दरवाजाकडून टिळकपथाने आत आले की सणासुदीला येथे पाऊल ठेवायला जागा नसते. नाताळपूर्वीच्या आठवड्यात आपली ख्रिस्ती कुटुंबेही येथे खरेदीला येतात. पिशवीत काजू, सुके खोबरे, खारे शेंगदाणे भरून ती घरी परततात, आणि स्वयंपाकघरात बटाट्याच्या सारणाची तयारी सुरू होते.

घरभेटीच्या निमित्ताने आम्ही ज्या कुटुंबांत जातो, त्यांतील काही घरांत मूत्रपिंडाचा विकार जडलेली एखादी व्यक्ती असते. कोणाला आठवड्यातून दोन वेळा डायलिसिससाठी जावे लागते, कोणाला मीठ व बटाटा वर्ज्य सांगितलेला असतो. नाताळच्या पंक्तीत या व्यक्तीचे ताट वेगळे. त्यात बहुधा नुसता भात आणि उकडलेली भाजी. वर्षभर निमूटपणे पथ्य सांभाळणाऱ्या माणसाला त्या दिवशी पथ्यापेक्षा एकटेपण अधिक जाचते. सर्वांसाठीच पदार्थ थोडा बदलावा, असे आम्ही सुचविले की उत्तर मिळते, “फादर, सणाचा पदार्थ पूर्वापार असाच चालत आला आहे.” हे ‘पूर्वापार’ नेमके किती जुने, हे पाहू या.

गुलमंडीपासून जेमतेम पंधरा किलोमीटरवर दौलताबादचा किल्ला आहे. मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये आपली राजधानी तेथे हलविली. त्याच्या पदरी काही वर्षे काढलेला मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता १३४२ मध्ये दिल्लीहून निघाला आणि दौलताबाद व नंदुरबारमार्गे पुढे गेला. त्याच्या प्रवासवृत्तात आपल्या विषयाशी संबंधित दोन नोंदी आहेत. सुलतानाच्या मेजवानीत ‘संबुसक’ वाढला जाई. पातळ पारीत खिमा, बदाम, अक्रोड, पिस्ते, कांदा व मसाले भरलेला हा आजच्या सामोशाचा पूर्वज. दुसरी नोंद नंदुरबारकडील मराठ्यांची. त्यांचा आहार तो तांदूळ, भाज्या आणि तिळाचे तेल असा सांगतो. एकाच प्रवाशाने राजाचे ताट पाहिले आणि आपल्या लोकांचेही. दोन्ही ताटांत बटाटा नव्हता, टोमॅटो नव्हता, मिरची नव्हती, काजूही नव्हता.

त्याआधीही भरलेले पदार्थ होतेच. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावरील ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातला. त्यात वांग्यात मसाल्याचे मांस भरण्याची कृती आहे. पुढे सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त सामोशाचे प्रमाण लिहून ठेवले: मांस १० शेर, बारीक पीठ ४ शेर, तूप २ शेर, कांदा १ शेर, आले पाव शेर आणि मीठ अर्धा शेर, शिवाय मिरी, धने, वेलदोडा, जिरे व लवंग. बादशाही सारण असे जड व खारट होते. परंतु त्याच ग्रंथात अकबराच्या मांसवर्ज्य दिवसांसाठी ‘सुफियाना’ नावाच्या शाकाहारी पदार्थांचा वेगळा वर्ग आहे. मेजवानीचे एक पान आणि संयमाचे दुसरे पान एकाच मुदपाकखान्यात तयार होत होते.

मग बटाटा आला कोठून? पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला, १५३४ मध्ये वसई त्यांच्याकडे आली. अमेरिका खंडातली मिरची, काजू व बटाटा त्यांच्या व्यापारमार्गाने आपल्याकडे पोहोचले. ‘बटाटा’, ‘काजू’, ‘पाव’ हे शब्दच त्याची साक्ष देतात; ते पोर्तुगीज भाषेतून मराठीत रुळले आहेत. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसविली आणि १६५३ मध्ये औरंगजेबाच्या सुभेदारीत तिला औरंगाबाद हे नाव मिळाले. त्या काळच्या सामान्य दख्खनी घरात बटाट्याचे सारण नव्हते. बटाटा व टोमॅटो यांची लागवड आपल्याकडे फोफावली ती इंग्रजी अमदानीत. म्हणजे ज्याला आपण पूर्वापार म्हणतो, ते फार तर आपल्या पणजोबा-खापरपणजोबांच्या काळातले.

नवे ते सारे वाईट, असे मात्र आम्हांला म्हणायचे नाही. ‘कोबी’ हा शब्दही पोर्तुगीजांचाच आणि ढोबळी मिरचीचे मूळही अमेरिकेतलेच. पण मूत्रपिंडाच्या रुग्णाला या दोन्ही भाज्या तुलनेने सोसतात. प्रश्न जुन्या-नव्याचा नाही, पोटॅशियम व मिठाचा आहे. निरोगी मूत्रपिंड जास्तीचे पोटॅशियम लघवीवाटे बाहेर टाकते. ते दुबळे झाले की पोटॅशियम रक्तात साचते आणि हृदयाची लय बिघडवू शकते. १०० ग्रॅम बटाट्यात सुमारे ४०० मिलिग्रॅम पोटॅशियम असते. काजू व शेंगदाण्यांत ६०० च्या वर. दुधी, कोबी व कांदा यांत ते दीडशे-पावणेदोनशेच्या आसपास असते.

वैद्यकाला हे सारे एकाएकी उमगले नाही. लंडनच्या गाय रुग्णालयातील डॉ. रिचर्ड ब्राइट यांनी १८२७ मध्ये अंगावरील सूज आणि मूत्रपिंडाचा विकार यांचा संबंध दाखवून दिला. विसाव्या शतकाच्या आरंभी पॅरिसमध्ये फेर्नां विदाल यांनी अशा रुग्णांचे मीठ तोडले की सूज उतरते, हे सिद्ध केले. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात वॉल्टर केंपनर यांनी १९३९ पासून भात, फळे व साखर एवढ्यावर रुग्णांना ठेवले आणि अनेकांचा रक्तदाब उतरला. तो कडक आहार आज कोणी जसाच्या तसा देत नाही. फळांतही पोटॅशियम असतेच. परंतु ज्या भाताला आपण आजाऱ्याचे अन्न म्हणून हिणवतो, त्याने वैद्यकाच्या इतिहासात आपली जागा मिळविली आहे.

आता चर्चच्या परंपरेकडे वळू. १९१७ च्या धर्मसंहितेनुसार नाताळचा आदला दिवस उपवासाचा व मांसवर्ज्य होता. परमगुरू सहावे पॉल यांनी १९६६ मध्ये उपवासाचे नियम सौम्य केले, त्यानंतर हे बंधन राहिले नाही. तरीही पोलंडमधील कुटुंबे त्या रात्री आजही कोबी व आळंबी भरलेली पिएरोगी खातात. भाजीचे सारण ही नाताळात आलेली आधुनिक टूम नसून ख्रिस्तजन्माच्या जागरणाची ती जुनी शिदोरी आहे. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. उपवासाच्या नियमातून आजाऱ्याला चर्चने नेहमीच सूट दिली आहे. उपवास जर आजाऱ्यासाठी वाकतो, तर सणाने का ताठ राहावे?

म्हणून इब्न बतूताने पाहिलेल्या तांदूळ, भाजी आणि तिळाच्या तेलाकडे परत जाऊन एक सारण सुचवितो. सहा मध्यम ढोबळ्या मिरच्यांसाठी पाव किलो दुधी किसून घ्यावा व पाव किलो कोबी बारीक चिरावा. दोन्ही भरपूर उकळत्या पाण्यात पाच-सात मिनिटे शिजवून रोवळीत निथळावे आणि ते पाणी टाकून द्यावे. आमटीत वापरू नये. दोन चमचे तिळाच्या तेलात जिरे, ठेचलेले आले-लसूण व एक चिरलेला कांदा परतावा. त्यात निथळलेली भाजी, एक वाटी मोकळा पांढरा भात, मिरपूड, चिमूटभर दालचिनी आणि थोडा लिंबाचा रस घालावा. मिरच्या पोकळ करून दोन मिनिटे उकळत्या पाण्यातून काढाव्यात, सारण भरावे आणि झाकण ठेवून मंद आचेवर शिजू द्याव्यात. सारणात मीठ घालू नये. ज्याला हवे त्याने ताटात चिमूटभर घ्यावे.

बटाट्यावाचून ज्यांचे चालतच नाही, त्यांच्यासाठी एक महत्त्वाची सूचना. बटाटा रात्रभर पाण्यात भिजविला की पोटॅशियम निघून जाते, असा समज घरोघर आहे. अमेरिकेत २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मात्र नुसत्या भिजविण्याने फारसा फरक पडला नाही. फोडी करून उकळल्यावर पोटॅशियम सुमारे निम्म्याने आणि किसून उकळल्यावर सुमारे पाऊण हिश्शाने कमी झाले. सुरणाचे पहिले पाणी ओतून टाकणाऱ्या आपल्या आज्यांना हेतू निराळा असला, तरी ही रीत ठाऊक होती.

मिठाविषयीही सावध राहिले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते निरोगी प्रौढानेही दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. सैंधव हेही मीठच आहे. ‘कमी सोडियमचे’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मिठात बहुधा पोटॅशियम क्लोराइड असते आणि अशा रुग्णाला ते घातक ठरू शकते. पापड, लोणचे व खाण्याचा सोडा यांतूनही सोडियम येतेच. शिवाय प्रत्येक रुग्णाचे पथ्य वेगळे. डायलिसिसवरील व्यक्तीला प्रथिने अधिक लागतात; डॉक्टरांची संमती असल्यास तिच्या वाट्याच्या सारणात उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग कुस्करून घालता येईल. ताज्या रक्ततपासणीवरून डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञ जे सांगतील, ते या लेखाहून वरचढ मानावे.

सातशे वर्षांत सारणातले जिन्नस कितीदा तरी बदलले. राजाश्रयाने बदलले, गलबतांतून आलेल्या फळभाज्यांनी बदलले, बाजारातल्या भावांनी बदलले. यंदा ते घरातील एका दुखणाईत माणसासाठी बदलले, तर परंपरेचा भंग झाला असे इतिहास म्हणणार नाही. मात्र ते सर्वांसाठीच बदलावे. आजाऱ्यासाठी वेगळी भरलेली मिरची पुन्हा वेगळे ताटच होईल. एकाच पातेल्यातले सारण आजीने, सुनेने आणि नातवंडांनी मिळून खावे. गुलमंडीतून आणलेली मिरी व दालचिनी त्याला चव देण्यास पुरेशी आहे.