बाष्पनशील संयुगांचे सायक्लोडेक्स्ट्रिनमधील संपुटीकरण

बाष्पनशील संयुगांचे सायक्लोडेक्स्ट्रिनमधील संपुटीकरण म्हणजे वनस्पतींमधील सुगंधी द्रव्ये, कीटकांचे गंधसंदेश किंवा तत्सम लवकर उडून जाणारे रेणू सायक्लोडेक्स्ट्रिन या वलयाकार शर्करेच्या पोकळीत बसवून स्थिर करण्याची पद्धत. या प्रक्रियेत द्रव किंवा वायुरूप पदार्थाचे कोरड्या भुकटीत रूपांतर होते. अशा भुकटीतील द्रव्याची हवा, प्रकाश व उष्णता यांमुळे होणारी हानी कमी होते आणि पाण्याशी संपर्क आल्यावर ते पुन्हा मोकळे होते.

रचना

सायक्लोडेक्स्ट्रिने स्टार्चपासून सायक्लोडेक्स्ट्रिन ग्लायकोसिलट्रान्सफरेज या एंझाइमाच्या साहाय्याने तयार केली जातात. ग्लुकोजच्या 6, 7 किंवा 8 एककांच्या वलयांना अनुक्रमे अल्फा, बीटा व गॅमा सायक्लोडेक्स्ट्रिन म्हणतात. रेणूचा आकार तळ नसलेल्या, एका बाजूस निमुळत्या होत गेलेल्या पेल्यासारखा असतो. त्याची उंची सुमारे 0.79 नॅनोमीटर असते. पोकळीचा व्यास अल्फा प्रकारात सुमारे 0.5, बीटा प्रकारात 0.6 ते 0.65 आणि गॅमा प्रकारात सुमारे 0.8 नॅनोमीटर असतो. बाहेरील बाजू जलस्नेही, तर पोकळी तुलनेने जलद्वेषी असते. त्यामुळे पाण्यात न विरघळणारा तेलकट रेणू पोकळीतील पाण्याचे रेणू बाहेर सारून त्यांची जागा घेतो. यजमान व अतिथी रेणूंमध्ये सहसंयुजी बंध तयार होत नाही. संयुग बनणे व सुटणे यांत समतोल असतो, म्हणूनच आतील द्रव्य मूळ स्वरूपात परत मिळते.

इतिहास

1891 मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आंत्वान व्हिलिए यांना स्टार्चवर जिवाणूंची क्रिया होताना हे स्फटिक प्रथम आढळले. सुमारे 1,000 ग्रॅम स्टार्चपासून त्यांना केवळ 3 ग्रॅम पदार्थ मिळाला. विसाव्या शतकाच्या आरंभी ऑस्ट्रियाचे फ्रान्झ शार्डिंगर यांनी अल्फा व बीटा हे प्रकार वेगळे ओळखले. पुढे जर्मनीत कार्ल फ्रॉइडेनबर्ग व फ्रीडरिश क्रामर यांच्या संशोधनातून वलयाकार रचना आणि पोकळीत इतर रेणू सामावून घेण्याचा गुणधर्म स्पष्ट झाला. 1970 च्या दशकात जपानमध्ये औद्योगिक उत्पादन सुरू झाल्यावर हा पदार्थ अन्न उद्योगाच्या आवाक्यात आला.

निर्मितीच्या पद्धती

प्रयोगशाळेत सहसा सहअवक्षेपण वापरतात. सायक्लोडेक्स्ट्रिनच्या कोमट द्रावणात तेल मिसळून ते ढवळतात व थंड होऊ देतात, म्हणजे संयुगाचा साका खाली बसतो. थोड्या पाण्यात मळून लगदा करणे, फवारून सुकवणे आणि गोठवून निर्वातात सुकवणे या अन्य पद्धती आहेत. उष्णतेने सुकवताना बरेचसे सुगंधी द्रव्य उडून जाण्याचा धोका असतो.

वनस्पतिजन्य संयुगे

लिंबूवर्गीय सालीतील लिमोनीन, ओव्यातील थायमॉल, लवंगेतील युजेनॉल, पुदिन्यातील मेंथॉल आणि मोहरीतील अ‍ॅलिल आयसोथायोसायनेट यांची संपुटे तयार करण्यात आली आहेत. वलययुक्त टर्पिनांना बहुधा बीटा प्रकाराची पोकळी अनुरूप ठरते. सुती कापडावर सायक्लोडेक्स्ट्रिन रासायनिक बंधाने पक्के बसवून त्यात सुगंध किंवा डास दूर ठेवणारी तेले भरण्याचे तंत्रही विकसित झाले आहे.

कीटकांचे गंधसंदेश

ऑलिव्ह फळमाशीच्या कामगंधातील मुख्य घटक ओलिअन हा या क्षेत्रातील अभ्यासलेला नमुना आहे. ग्रीसमधील संशोधकांनी त्याच्या संपुटांची रचना तपासली. ओलिअनच्या दोन आरसाप्रतिमांपैकी एक नराला व दुसरी मादीला आकर्षित करते. सायक्लोडेक्स्ट्रिन स्वतः असममित असल्याने दोन्ही प्रतिमांशी त्याचे बंधन सारखे नसते. याच गुणामुळे त्याची साधिते वायुवर्णलेखनात आरसाप्रतिमा वेगळ्या करण्यासाठी वापरतात. महाराष्ट्रात कपाशीवरील गुलाबी बोंडअळीसाठी वापरल्या जाणाऱ्या कामगंध सापळ्यांत मात्र सामान्यतः रबर किंवा प्लॅस्टिकच्या गोळीत भरलेले प्रलोभन असते.

व्यापारी उदाहरण

1-मिथाइलसायक्लोप्रोपीन हा मानवनिर्मित वायू वनस्पतींच्या एथिलीन या संप्रेरकाची ग्राहीस्थाने अडवतो, त्यामुळे फळे उशिरा पिकतात. हा वायू दाबाखाली साठवणे धोकादायक असते. अल्फा सायक्लोडेक्स्ट्रिनमध्ये त्याची भुकटी करता आल्यावर तो व्यवहारात आला. भुकटी पाण्यात टाकताच वायू बाहेर पडतो. अमेरिकेत 1999 मध्ये फुलझाडांसाठी आणि 2002 मध्ये खाद्य पिकांसाठी त्याला मान्यता मिळाली. सफरचंदांच्या साठवणुकीत तो मोठ्या प्रमाणावर वापरला जातो.

मर्यादा व सुरक्षितता

भुकटीत सक्रिय द्रव्याचे प्रमाण कमी असते. बीटा सायक्लोडेक्स्ट्रिन व लिमोनीन एकास एक या प्रमाणात जोडले गेल्यास वजनाच्या केवळ 10.7 टक्के लिमोनीन असते. बीटा प्रकार पाण्यात कमी विरघळतो. 25 अंश सेल्सियसला एका लिटरमध्ये सुमारे 18.5 ग्रॅम. दमट हवेत भुकटी अकाली गंध सोडू शकते, तर फार घट्ट बसलेला रेणू गरजेच्या वेळी पुरेसा सुटत नाही. बीटा प्रकार रक्तात टोचल्यास मूत्रपिंडांना इजा करतो. अन्नातून त्याचे स्वीकार्य दैनिक सेवन शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे 5 मिलिग्रॅमपर्यंत ठरवण्यात आले आहे.