ऑपरेशननंतरचा पहारा

स्तनाच्या कर्करोगाचे ऑपरेशन होऊन बाई घरी येते. टाके निघतात, हात हळूहळू वर जाऊ लागतो, चुलीपाशी पुन्हा वावर सुरू होतो. मग एखादा शहाणा पाहुणा म्हणतो, "दर सहा महिन्यांनी सगळ्या अंगाचा स्कॅन करून घ्या हो. काही उरलंबिरलं असलं तर आधीच कळेल." झाले! पाटल्या गहाण ठेवाव्यात की बैल विकावा, इथपर्यंत गोष्ट जाते. श्रोतेहो, या सल्ल्याची पारख एकदा फार काटेकोरपणे झाली आहे. तीच हकिगत आज सांगावयाची आहे.

अमेरिकेतील बाल्टिमोरचे शल्यविशारद हाल्स्टेड यांनी १८९४ साली आपल्या मोठ्या ऑपरेशनचा वृत्तांत प्रसिद्ध केला. स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठीही ते काढीत. पण रोग परतला की नाही हे बघायला त्या काळी साधने कोणती? डोळे आणि बोटे. व्रणाजवळ काही लागते का, काखेत गाठ आहे का, एवढेच चाचपायचे. पुढच्याच वर्षी जर्मनीत रंटगेन यांना क्ष-किरण सापडले आणि जिवंत माणसाची हाडे दिसू लागली. १९१३ साली बर्लिनच्या सालोमन यांनी ऑपरेशनात काढलेल्या सुमारे तीन हजार स्तनांचे क्ष-किरण फोटो घेऊन रोगाच्या खुणा ताडून पाहिल्या. आजच्या मॅमोग्राफीचे मूळ ते. पुढे १९७० नंतरच्या वर्षांत टेक्नेशियम नावाचे किरणोत्सर्गी द्रव्य शिरेत टोचून सबंध सांगाड्याचे चित्र घेता येऊ लागले.

हा रोग परतला तर पुष्कळदा हाडांत, फुप्फुसांत किंवा यकृतात जाऊन बसतो. तेव्हा डॉक्टरांना वाटले, तिथेच ठरावीक मुदतीने शोध घ्यावा. आपल्यालाही हेच वाटले असते. पण वाटणे निराळे आणि पडताळून पाहणे निराळे.

पडताळा झाला इटलीत. फ्लॉरेन्सच्या डॉक्टरांनी १,२४३ बायकांचे, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, दोन गट केले. डॉक्टरांची तपासणी आणि मॅमोग्राफी दोन्ही गटांना होती. एका गटाला त्याशिवाय दर सहा महिन्यांनी छातीचा फोटो आणि हाडांचा स्कॅन. वीस इस्पितळांत १,३२० बायकांवर असाच दुसरा अभ्यास झाला. त्यात यकृताची सोनोग्राफीही होती. दोहोंचे निकाल १९९४ साली प्रसिद्ध झाले.

फ्लॉरेन्सच्या अभ्यासात स्कॅनच्या गटात पाच वर्षांत शंभरी १८.६ बायका दगावल्या, दुसऱ्या गटात १९.५. हा फरक फरकात जमा होण्याजोगा नव्हे. दुसऱ्या अभ्यासात २० आणि १८. तिथे तर स्कॅनवाल्यांचाच आकडा किंचित जास्त, पण तोही नगण्य. फ्लॉरेन्सच्या बायकांची दहा वर्षांनंतरची मोजदाद १९९९ साली आली, तिनेही वेगळे काही दाखविले नाही.

असे का व्हावे? रोग आधी सापडत नव्हता, असे नाही. हाडातला, फुप्फुसातला रोग स्कॅनने आधी दिसलाच. पण बघा, टेकडीवर बसलेल्याला एस.टी. लांबूनच दिसते, थांब्यावरच्याला ती वळण घेतल्यावर दिसते. म्हणून ती कोणासाठी उशिरा येत नाही. रोग एकदा हाडात शिरला की औषधे त्याला आवरून धरतात, पण बहुधा समूळ काढू शकत नाहीत. ती काही महिने आधी सुरू केल्याने आयुष्य वाढले नाही. बाईला धास्तीचे दिवस मात्र तेवढे जास्त मिळाले. शिवाय हाडांच्या स्कॅनमध्ये जुना मोड, संधिवात हेही उजळून दिसतात. मग पुन्हा तपासण्या, पुन्हा खर्च, आणि अखेर निघते काय, तर पायरीवरून पडल्याची जुनी खूण!

स्तनाची गोष्ट मात्र वेगळी बरं का. राखलेल्या स्तनात रोग परतला किंवा दुसऱ्या बाजूला नवी गाठ आली, तर ती लवकर सापडल्यास बरी होण्याजोगी असते. म्हणून वर्षाची मॅमोग्राफी चुकवायची नाही. पहिली तीन वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी डॉक्टरांना दाखवायचे, मग अंतर वाढवीत न्यायचे. आणि हाड सारखे दुखत राहिले, खोकला हटेना, दम लागू लागला, व्रणाशी गाठ लागली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता इस्पितळ गाठायचे. तिथे डॉक्टरांनी स्कॅन सांगितला तर तो अवश्य करावा. औषधोपचार चालू असताना सांगितलेले स्कॅनही वेगळे. ते टाळू नयेत.

इटलीतल्या त्या अभ्यासांनंतर औषधे सुधारली, यंत्रे सुधारली, आणि हा प्रश्न नव्या साधनांनिशी पुन्हा तपासला जात आहे. तरी काही तक्रार नसलेल्या बाईचे सगळे अंग मुदतीमुदतीने स्कॅन करावे, असा सल्ला जाणत्या संस्था अजून देत नाहीत. तेव्हा पाहुण्यांना चहा द्यावा, पाटल्या पेटीत राहू द्याव्यात, आणि मॅमोग्राफीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोल करून ठेवावी. घरात वाचणारे कोणी नसेल तर शाळेच्या गुरुजींना इस्पितळाचा कागद दाखवावा. तारीख त्यावर लिहिलेली असते.